कांगाल : मेंढ्यांचा राखणदार

प्रश्न : तुर्कस्तानचा कांगाल कुत्रा मूळचा कुठला? राखणीला त्याला तयार कसं करतात?

उत्तर : हा मध्य तुर्कस्तानातल्या सिवास प्रांताचा, कांगाल भागातल्या पठारावरचा. लांडग्याला भिडणारे, पण कोकराला दात न लावणारे तेवढेच मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या ठेवले, त्यातून ही जात घडली. बदामी अंग, काळं तोंड. नर 50-60 किलोंचा. मेंढ्या हाकणं याचं काम नव्हे. कळपाजवळच्या उंचवट्यावर बसतो, धोका दिसला की भुंकत आडवा जातो. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा नरडं धरतो. नामिबियात 1994 पासून याच वंशाचे कुत्रे पशुपालकांना दिले जातात, म्हणजे कळप वाचतो आणि पशुपालकांच्या बंदुकीपासून चित्ताही.

तयारीत वय सांभाळा. पिल्लू 8 आठवड्यांचं झालं की मेंढ्यांत ठेवा. 16 आठवड्यांपर्यंत नातं जुळायला हवं. या काळात घरात लाड झाले तर ते माणसामागेच फिरतं. पुढे दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत खेळता खेळता कोकरांचे कान, लोकर ओढतं. तिथल्या तिथे दटावा, आणि विण्याच्या हंगामात त्याला कोकरांजवळ एकटं मुळीच सोडू नका.