स्वीडनमधली सर्वात हटके जाहिरात कोणती?

माझं मत २०१६ च्या 'द स्वीडिश नंबर'ला. स्वीडिश पर्यटक संघटनेने अख्ख्या देशासाठी एकच फोन नंबर काढला. जगातून कुठूनही फिरवा, पलीकडे कॉल सेंटर नाही, कुणीतरी साधा स्वीडिश माणूस. ॲपवर नाव नोंदवलेल्यांपैकी कोणाकडेही फोन जायचा. काय बोलायचं याचं ना प्रशिक्षण, ना लिहून दिलेली वाक्यं. निमित्त मात्र भारी होतं: १७६६ मध्ये स्वीडनने सेन्सॉरशिप उठवली, त्याला २५० वर्षं झाली होती. म्हणजे 'आमच्याकडे बोलायला मोकळीक आहे' हे सांगण्याऐवजी थेट लोकांच्याच हातात फोन दिला. तेव्हाचे पंतप्रधान स्टेफान लोवेन यांनीही फोन घेतले. मोहीम ७९ दिवस चालली. आपल्या एखाद्या सरकारी खात्याने असं धाडस केलं असतं का, देव जाणे!

दुसरी आवडती २०१७ ची, आपोटेक यार्टाट या औषध दुकानांच्या साखळीची. स्टॉकहोमच्या ओडेनप्लान चौकात डिजिटल फलकावर एक माणूस शांत उभा. शेजारी कोणी सिगारेट पेटवली की फलकातला सेन्सर धूर ओळखायचा आणि तो माणूस खोकायला लागायचा. मग पडद्यावर सिगारेट सोडवणारी उत्पादनं. थोडं आगाऊच, पण बघणारे हसायचे.