तुंबलेलं सिंक, तुंबलेली मोरी

प्रश्न : रविवारी दाल-बाफले झाले की सोमवारी आमचं सिंक हमखास तुंबतं. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर टाकून पाहिलं. फसफसलं भरपूर, पाणी मात्र हललं नाही. दर वेळी प्लंबरला बोलवायचं का?
— एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : प्लंबरची गरज नाही. बाफल्यांवरचं तूप गरम असेपर्यंत पाण्यासारखं वाहतं, पण गार पाइपात गेलं की आतल्या अंगाला थिजून बसतं. मग त्याला डाळीचा गाळ, परातीतलं कणकेचं पाणी आणि चहाचा चोथा चिकटत जातो. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच मारतात. उरतं ते खारट पाणी, आणि त्याने तूप सुटत नाही. फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, इतकंच.

आधी सिंकखाली वाकून पाहा. पेल्यासारखा बॉटल ट्रॅप असेल, तर खाली बादली ठेवून त्याची तळाची वाटी हाताने फिरवून काढा. बहुतेक वेळा बोळा तिथेच सापडतो. वाटी जुन्या टूथब्रशने घासा, रबरी वॉशर खाचेत नीट बसवा आणि हातानेच घट्ट करा. पाना लावला की प्लॅस्टिकचे आटे चिरतात आणि थेंब थेंब गळती सुरू होते. नंतर सिंक अर्धं भरून एकदम सोडा आणि सांध्यावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर वॉशर वाकडा बसला आहे.

ट्रॅप नसून वळ्यांचा लवचीक वेस्ट पाइप असेल, तर तूप त्या वळ्यांतच साचतं. तो साफ करत बसण्यापेक्षा बदललेला बरा. जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. पाइप लांब पडला तर जास्तीचा भाग कापा. मध्ये झोळ राहिला की त्यात पुन्हा गाळ बसणार.

तरीही पाणी अडत असेल तर रबरी पंप वापरा. सिंकला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. रबराची वाटी बुडेल इतकं पाणी ठेवा, वाटी तिरकी बुडवून आतली हवा काढा आणि मग १५-२० झटके द्या. दाबण्याइतकाच वर ओढण्याचाही जोर लागतो. बरेच जण फक्त दाबतात.

पाणी सुटलं की चार-पाच लिटर गरम पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळून हळूहळू ओता. उकळतं पाणी नको, पीव्हीसी पाइप मऊ पडून वाकतो. निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं घेतलं की साधारण ६० अंश होतं, तेवढं पुरे. नुसतं गरम पाणी ओतलं तर तूप वितळून दोन हात पुढे जातं आणि तिथे पुन्हा थिजतं, म्हणून लिक्विड हवंच.

आणि ताटं विसळण्यापूर्वी उरलेल्या पोळीच्या तुकड्याने पुसून घ्या. ओला-सुका कचरा वेगळा करायची शिस्त अख्ख्या इंदूरला लागली आहे, तूप मात्र अजून सिंकमध्येच जातं!

प्रश्न : बाथरूमच्या मोरीतून पाणी सावकाश जायचं, म्हणून जाळीखालचं झाकण काढून टाकलं. आता पाणी जातं, पण वास येतो आणि झुरळंही. काय करावं?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : झाकण परत बसवा. नहाणी ट्रॅपमधली ती उलटी वाटी पाण्यात बुडून राहते आणि गटारातली हवा अडवते. ती काढली की गटार आणि बाथरूम यांच्यात काहीच उरत नाही.

पाणी सावकाश जाण्याचं कारण केस आणि साबण. बोअरिंगच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरट चिकट थर होतो आणि तो केसांना धरून ठेवतो. हातमोजे घालून वाटी काढा आणि केस ओढून घ्या. आत खोल गेलेले असतील तर लांब केबल टायच्या दोन्ही कडांना कात्रीने तिरक्या खाचा पाडा. खाचांची टोकं मुठीकडे हवीत, म्हणजे वर ओढताना केस अडकतात. पट्टी आत घालून फिरवा आणि सावकाश ओढा. महिन्यातून एकदा एवढं केलं तरी पुरतं.

पाहुण्यांच्या बाथरूमलाही असाच वास येत असेल तर तिथलं झाकण शाबूत असेल, पण ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात उडून गेलेलं असतं. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

प्रश्न : सरळ ॲसिड टाकलं तर?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नको. तुपावर आणि केसांवर ते फारसं चालत नाही. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र खातं. ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पुडीत मिळणारा कॉस्टिक सोडा तूप आणि केस दोन्ही विरघळवतो, पण साचलेल्या पाण्यात टाकला तर तळाशी दगडासारखा बसतो. वापरलाच तर पाणी उपसून, हातमोजे आणि चष्मा घालून, पुडीवर लिहिलं असेल तेवढाच टाका. तो आत असताना पंप मारू नका, शिंतोडे डोळ्यांत जातात. प्लंबर आला तर पाइपात काय टाकलं आहे ते त्याला आधी सांगा.

प्रश्न : सिंक सोडलं की मोरीतून बुडबुडे येतात आणि पाणी वर चढतं. तळमजला आहे.
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : मग अडथळा सिंकमध्येही नाही आणि मोरीतही नाही. दोन्ही पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे आहे. अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर रिकामं असेल तर घर आणि चेंबर यांच्यामधला पाइप तुंबला आहे, तिथे लांब स्प्रिंग घालून फिरवावी लागेल. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा त्याच्याही पुढे, रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे घरच्या उपायांचा उपयोग नाही. ‘इंदौर ३११’ ॲपवर महापालिकेकडे तक्रार नोंदवा आणि तोवर वरच्या मजल्यावरच्यांना वॉशिंग मशीन लावू नका म्हणून सांगा, त्यांचं पाणी तुमच्या मोरीतून वर येईल.