कोपर दुखतंय, पण शनिवारी शोकेस आहे

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या न्यू जर्सीत. मी एच-१बी व्हिसावर आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत, उजव्या हाताचा बेसबॉल पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. वेग ताशी ७९ मैलांपर्यंत जातो. शाळेची टीम, बाहेरगावी स्पर्धा खेळणारी ट्रॅव्हल टीम आणि कुणी बोलावलं तर आणखी एक टीम. हिवाळ्यात खासगी कोचकडे इनडोअर सराव. कोच म्हणतात, मेहनत घेतली तर ९० पार होईल. बारावीनंतर त्याने थेट ड्राफ्टमध्ये, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, जावं अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी शाळा ऑनलाइन करावी का? मध्यंतरी कोपर थोडं दुखतंय म्हणाला, पण या शनिवारी महत्त्वाचं शोकेस (निवड करणाऱ्यांपुढे खेळ दाखवायचा कार्यक्रम) आहे. तोवर बर्फ आणि आयबुप्रोफेनवर भागवतोय.
– एक पालक

उत्तर : तुम्ही ड्राफ्टबद्दल विचारलंय, पण आधी शेवटच्या दोन वाक्यांबद्दल बोलू. शनिवारचं शोकेस रद्द करा. डॉक्टरांनी बघेपर्यंत त्याने एकही चेंडू फेकू नये, अंगणातसुद्धा नाही.

पत्रात तुमची इच्छा आहे, कोचचं मत आहे. मुलाचं म्हणून एकच वाक्य आहे, आणि ते ‘दुखतंय’ हे आहे. त्यावरही तुम्ही गोळी दिलीत. पंधरा वर्षांचा मुलगा किती दुखतंय हे बापाचा चेहरा बघून सांगतो, त्यामुळे त्याच्या ‘थोडं’ या शब्दावर विसंबू नका.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढ अनेकदा पूर्ण झालेली नसते. प्रत्येक पिचला, म्हणजे फेकीला, स्नायू आणि लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) नेमकं तिथेच ओढ देतात. दुखणं त्या वाढीच्या जागेचं आहे की लिगामेंटचं, हे घरी कळत नाही. खेळाच्या दुखापती बघणारा ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढून तुलना करतात, गरज पडली तर एमआरआय. वेळेत थांबलं तर बहुतेक वेळा काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या विश्रांतीवर निभावतं. तसंच रेटलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो. आयबुप्रोफेनने दुखणं दबतं, ओढ तशीच राहते.

आता हिशेब. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचनांनुसार १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच. ७६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. बारा महिन्यांत १०० इनिंगच्या पुढे नाही, आणि वर्षातले चार महिने फेकणं पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग. एप्रिलमधला एखादा आठवडा घ्या. मंगळवारी शाळेसाठी ८० पिच टाकले तर बुधवार ते शनिवार हात बंद. पण शनिवारी ट्रॅव्हल टीमच्या वहीत त्याच्या नावापुढे शून्य असतं, म्हणून तो पुन्हा उभा राहतो. दोन्ही वह्यांची बेरीज कोणताच कोच करत नाही, ती तुम्ही करायला हवी होती. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात, वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता पाचपट दिसली. थकलेल्या हाताने नेहमी फेकणाऱ्यांत तर छत्तीसपट. तिसरी टीम आजपासून बंद. हिवाळ्यातला सरावही यंदा बंद.

ड्राफ्ट झाला की मुलगा मेजर लीगमध्ये, असं तुम्ही धरून चाललेले दिसता. दर जुलैत २० फेऱ्यांत सुमारे ६०० खेळाडू निवडले जातात. मेजर लीगच्या ३० संघांत प्रत्येकी २६ जागा, म्हणजे एकूण ७८०. त्यातल्या बऱ्याच जागांवर आधीपासून बसलेली माणसं आहेत, शिवाय डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपानमधून येणारे तर ड्राफ्टमधून येतच नाहीत. निवड झालेला मुलगा रुकी लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा मेजर लीगखालच्या पायऱ्या चढत जातो आणि बहुतेक जण वाटेतच थांबतात. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२३ च्या करारात सिंगल-एचा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर ठरला, ट्रिपल-एचा ३५,८००. न्यू जर्सीत यात संसार चालत नाही. लाखो डॉलरचा बोनस ऐकू येतो तो मुख्यतः पहिल्या काही फेऱ्यांतल्यांचा, आणि तोही कर नि एजंटचा वाटा जाऊन हाती येतो. कुमार रॉकर या पिचरचं नाव तुमच्या कानावर असेल. त्याची आई भारतीय वंशाची. २०१८ मध्ये शाळेतून ड्राफ्टमध्ये नाव आलं तरी तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने दहाव्या क्रमांकावर निवडला, पण हाताची वैद्यकीय तपासणी पाहून करारच केला नाही. २०२२ मध्ये टेक्ससच्या रेंजर्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर घेतला, २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, आणि मेजर लीगचा पहिला सामना सप्टेंबर २०२४ मध्ये. इतक्या वरच्या दर्जाच्या मुलाची ही वाट आहे. तुमच्या मुलाचे ७९ मैल पंधराव्या वर्षी चांगले आहेत, त्यापलीकडे त्यातून आज काहीही सिद्ध होत नाही.

शाळा ऑनलाइन करू नका. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनच्या कॉलेजकडून खेळायला एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेचे १६ मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) लागतो, आणि ऑनलाइन विषय मान्य आहे की नाही हे दर वेळी तपासत बसावं लागतं. त्या डिव्हिजनचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात ते अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून, म्हणजे हा हिवाळा हातातून गेला तरी काही बिघडत नाही. चार वर्षांच्या कॉलेजमधून तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी पुन्हा ड्राफ्ट आहेच; ज्युनिअर कॉलेजमधून दर वर्षी. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, गुणांवरची असते.

व्हिसाचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. ड्राफ्टला नागरिकत्व लागत नाही, पण पगार घ्यायला कामाची परवानगी लागते. एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलाला ती नसते, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. करार झाला तर संघाला त्याच्यासाठी खेळाडूंचा पी-१ व्हिसा करावा लागेल. पुढच्या शोकेसच्या फीमध्ये इमिग्रेशन वकिलाची एक भेट होईल, ती आधी घ्या.

हात बरा होईपर्यंत त्याला पळू द्या, हवं तर मित्रांबरोबर फुटबॉल खेळू द्या. परत सुरू करताना डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील तेवढंच. आधी थोड्या अंतरावरून सोपी फेक, मग अंतर वाढवत नेणं, आणि माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, सगळ्यात शेवटी. सुरुवातीला वेग मोजणारी रडार गन घरीच ठेवा. पिच टाकत नसलेल्या दिवशी त्याला कॅचर (पिचरचा चेंडू झेलून परत फेकणारा) म्हणून उभं करू नका, त्यातही हात झिजतो.

शनिवारच्या शोकेसची फी परत मिळणार नसेल तर सोडून द्या. येत नाही हा निरोप तुम्ही स्वतः फोन करून द्या, मुलाला द्यायला लावू नका.