शिक्षण-सल्ला : फौंड्रीतली नोकरी सोडून तीन वर्षांची पदवी घ्यावी का?

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, ७१ टक्के आहेत. सध्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) सँड लॅब, म्हणजे साच्याच्या वाळूची तपासणी, बघते. मामेभावानं ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्टच्या पदवीचं डोक्यात घातलंय. एजंट म्हणतो, तीन वर्षांची पदवी, त्यात डिप्लोमाची सूट, लवकर सुटशील. आई म्हणते, शेत गहाण टाकायचं नाही. इथंच बी.टेक. करून ते काम करता येईल का? आणि नोकरी सोडावी लागेल का?
— एक वाचक, पुलाची शिरोली

उत्तर : आईचं ऐक. कायमचं नव्हे, पण यंदा तरी ऐकच.

आधी एजंटानं अर्धवट सांगितलेलं पूर्ण करते. तिकडे चार वर्षांच्या पदवीवाला प्रोफेशनल इंजिनिअर, तीन वर्षांच्या पदवीवाला टेक्नॉलॉजिस्ट आणि दोन वर्षांच्या डिप्लोमावाला असोसिएट (म्हणजे टेक्निशियन), अशी साधारण विभागणी असते. एका देशाचं शिक्षण दुसऱ्यानं मानावं म्हणून तीन करार आहेत : इंजिनिअरसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१ चा सिडनी करार आणि टेक्निशियनसाठी २००२ चा डब्लिन करार.

कामातला फरक तुझ्याच लॅबमध्ये दिसेल. वाळूचा ओलावा चार टक्क्यांवर गेला, तू मिक्सरवाल्याला पाणी कमी करायला सांगितलंस, हे टेक्निशियनचं काम. पण ओलावा बरोबर आहे आणि तरी एकाच कास्टिंगला ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) येताहेत, असं झालं तर? मग परमिअबिलिटी (वाळूतून वायू किती सुटतो ते) बघायची, वाळूत मेलेली, म्हणजे जळून चिकटपणा गेलेली, माती किती साठलीय ते बघायचं, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा ठोकळा) नीट भाजलाय का, व्हेंट (वायू सुटायची भोकं) बुजलेत का, लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) लोखंड ओतेपर्यंत गार होतंय का, हे एकेक तपासायचं. माहीत असलेल्या उपायांतला नेमका निवडायचा, गरज पडली तर गेटिंग (साच्यात लोखंड जायचे मार्ग) बदलायचं आणि रिजेक्शन (बाद होणारे नग) खाली आणून दाखवायचं. हे टेक्नॉलॉजिस्टचं. ज्या जॉबला (बनवायच्या भागाला) कुठली पद्धत लागू होईल हेच ठाऊक नाही, तिथं मुळापासून हिशेब मांडायचा, ते इंजिनिअरचं. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावात ही तिन्ही कामं एकच माणूस करतो आणि पगार टेक्निशियनचा घेतो, ते सोडून दे!

म्हणजे काम तू अर्धं करतेच आहेस, कमी आहे ती पदवी. ती घेऊन पुढं इथल्या सरकारी किंवा निमसरकारी जागेला अर्ज करायचा म्हटलंस, तर जाहिरातीत बी.ई. किंवा बी.टेक. लिहिलेलं असतं. तिथं तीन वर्षांची परदेशी पदवी समकक्ष ठरवून घेण्यात चपला झिजतात.

डिप्लोमावरून बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून प्रवेश. तो दिवसाचा कोर्स, म्हणजे नोकरी सुटली. पण २०२३ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेची बी.टेक. तुकडी सुरू करायला काही कॉलेजांना परवानगी दिलीय. त्यातही दुसऱ्या वर्षापासून तीन वर्षं. किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी लागते आणि ती कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावी लागते. तुला माझा सल्ला हाच. मात्र कॉलेजात गेलीस की तुझ्या शाखेच्या तुकडीचं, चालू वर्षाचं परवानगीपत्र दाखवा म्हणायचं. आणि तुझी हजेरी कंपनीच्या मस्टरवर आहे की कंत्राटदाराच्या, ते आजच बघ. अनुभवाचा दाखला कोण देणार, इथंच गाडी अडते.

घरबसल्या पत्राद्वारे बी.टेक. देणारे भेटले तर चहासुद्धा घेऊ नकोस. सुप्रीम कोर्टानं २०१७ साली त्या प्रकाराला चाप लावलाय.

इथं बी.टेक. केल्यानं ऑस्ट्रेलियाचं दार बंद होत नाही. वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. मेख अशी, की सरसकट सगळ्या बी.टेक. त्यात येत नाहीत. एनबीएचं (राष्ट्रीय मानांकन मंडळाचं) टिअर-१, म्हणजे स्वायत्त कॉलेजं-विद्यापीठांसाठीचं, मानांकन असलेल्या अभ्यासक्रमांनाच ते लागू, आणि मानांकन कॉलेजला नव्हे, शाखेला मिळतं. कॉलेजच्या कमानीवर ‘एनबीए’ वाचून भुलू नकोस. ते नसेल तर तिथली इंजिनिअरांची संस्था तुझ्याकडून तीन कामांचे सविस्तर वृत्तांत मागते : तू स्वतः काय केलंस, का केलंस, काय निष्पन्न झालं. म्हणून एक वही घाल. तारीख, जॉब, दोष, वाळूची रीडिंग, काय बदललं, रिजेक्शन किती होतं नि किती झालं. ‘आम्ही केलं’ लिहू नकोस, ‘मी केलं’ लिही. आपल्या मुलींना हे फार जड जातं.

आता खरी भीती सांगते. पॉलिटेक्निकला इतकी वर्षं शिकवलं, त्यावरून बोलते. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली डिप्लोमाची पोरं मटेरियल सायन्सला, वर्कशॉपला वर्गाच्या पुढं असतात आणि गणितात आपटतात. बाकीची मुलं पहिल्या वर्षाचं गणित करून आलेली असतात, तुमचं ते राहिलेलं. लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर आला की इंटिग्रेशन आठवत नाही. प्रवेशाआधीच्या सुट्टीत बारावीचं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन रोज तासभर घोटून घे. शिफ्टवरून आल्यावर डोळे मिटतात, मान्य आहे, तर पहाटे कर.

प्रश्न : मुलगा बी.व्होक. (व्यवसाय-शिक्षणाची पदवी) करतोय. त्यावर एमपीएससी देता येईल का?
— एक पालक, कागल

उत्तर : जिथं ‘कोणत्याही शाखेची पदवी’ लिहिलंय, तिथं देता येईल. स्थापत्य, यांत्रिकी अशा अभियांत्रिकी पदांना त्या शाखेची पदवीच लागते, तिथं बी.व्होक. चालेल असं धरून चालू नका. जाहिरातीतला पात्रतेचा रकाना त्याला स्वतःला वाचू द्या, क्लासवाल्याकडून ऐकू नका.