तपासणीची तारीख दूर असताना

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो अजून एकही शब्द बोलत नाही, हाक मारली तरी बहुधा वळून पाहत नाही आणि काही हवे असल्यास माझा हात ओढत तिथे नेतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तर तिथे तपासणीसाठी चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली आणि निदान झाल्याशिवाय थेरपी सुरू होणार नाही, असे सांगण्यात आले. घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. मी काय करावे?
– एक आई, मराठवाडा

उत्तर : तपासणीची तारीख सोडू नका, पण उपचारांसाठी त्या तारखेची वाट पाहू नका. मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, श्रवणदोष आहे की केवळ भाषेच्या विकासात विलंब आहे, हे ठरायला वेळ लागेल. मात्र त्याला संवादासाठी आजच मदत हवी आहे, हे तुमच्या पत्रावरूनही कळते. निदानाच्या नावासाठी थेरपी अडवून ठेवणे मला चुकीचे वाटते, कारण मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच वयात. मुलगे मुलींपेक्षा किंचित उशिरा बोलू लागतात हे खरे, परंतु अडीच वर्षांच्या मुलाने एकही शब्द न बोलणे त्या फरकात बसत नाही.

पहिली गोष्ट श्रवणचाचणीची. मूल भांड्याच्या आवाजाने दचकते म्हणून त्याला नीट ऐकू येते, असे धरून चालू नका; काही आवाज ऐकू येणारा आणि काही न येणारा अंशतः श्रवणदोष घरात सहसा लक्षात येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओलॉजिस्टकडे ओएई आणि बेरा या, मुलाने उत्तर न देताही कान व श्रवणमार्ग तपासणाऱ्या चाचण्यांची चौकशी करा. ही रांग बहुतेक ठिकाणी विकासाच्या तपासणीच्या रांगेहून वेगळी असते. वास्तविक जन्मानंतर १ महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपचार, असे सर्वमान्य वेळापत्रक आहे, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत ही तपासणी आणखी लांबवू नये.

दुसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मदत घ्या. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झालेल्या या कार्यक्रमाची फिरती वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि विकासात विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, मोफत सेवेसाठी पाठवतात. पथक येण्याची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेकडून त्या डॉक्टरांशी संपर्क साधा आणि मुलाचे वय व लक्षणे स्पष्ट लिहिलेली संदर्भचिठ्ठी मागा. केंद्रात गेल्यावर संपूर्ण तपासणीआधी स्पीच थेरपिस्ट मुलाला एकदा पाहू शकतील का, आणि कुणाची वेळ रद्द झाली तर तुम्हाला फोन करतील का, हे विचारा. खासगी थेरपिस्टकडे जायचे झाल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहा. मूल पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे काम तुमच्या घरातच होणार आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांना, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवादाला अधिक वेळा सुरुवात करू लागली. त्यातले तत्त्व तुम्हीही वापरू शकता. मूल ज्यात रमले आहे, त्यात त्याच्यासमोर जमिनीवर बसून सहभागी व्हा. तो चेंडू पाहत असेल, तर ‘हा कोणता रंग?’ असे न विचारता ‘चेंडू’, ‘चेंडू गेला’ एवढेच म्हणा आणि मग थांबा. त्याने पाहिले, हात हलवला किंवा आवाज काढला, तरी ते बोलणेच आहे असे मानून लगेच प्रतिसाद द्या. जेवण भरवताना, अंघोळ घालताना, कपडे घालताना हे दिवसभर होऊ शकते. त्या वेळी मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा. तो काय करतो त्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे तपासणीच्या दिवशी मूल बावरले तरी डॉक्टरांना त्याचे रोजचे वागणे दिसेल.

प्रश्न : मी एका जिल्हा केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नव्या मुलांना महिनोन्‌महिने थांबावे लागते, याचा त्रास होतो. आमच्या पातळीवर काय करता येईल?
– एक थेरपिस्ट

उत्तर : रिक्त पदे भरल्याशिवाय आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना स्थैर्य दिल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, हे शासनाला सातत्याने लेखी कळवत राहा. दरम्यान, तुमच्याकडे नवे मूल, जुने मूल आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेले मूल एकाच रांगेत उभे असेल, तर त्या रांगा आधी वेगळ्या करा. नव्या मुलाची पहिली भेट छोटी ठेवा, त्यातच पालकांना घरी करायचे काम द्या आणि तीन वर्षांखालील मुलांना अग्रक्रम द्या. वाट पाहणाऱ्या पालकांसाठी आठवड्यातून एक गटसत्र घ्या. आदल्या दिवशी फोन केल्यास न आलेल्यांच्या वेळा दुसऱ्यांना देता येतात. आणि मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून येणाऱ्या कुटुंबाला सगळ्या थेरपिस्टच्या वेळा एकाच दिवशी दिल्या, तर गैरहजेरीही कमी होते.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्र मिळेपर्यंत डीईआयसीची सेवा नाकारली जाऊ शकते का?
– एक वडील

उत्तर : नाही. विकासात विलंब आहे एवढे कारण तिथे पुरेसे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार मिळणाऱ्या अनेक सवलतींसाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठीही ते मागितले जाते; स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठीच्या या विम्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. म्हणून निदान झाल्यावर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज लगेच करा आणि पोच जपून ठेवा.