रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे? आधी नीट विचार

दात काढायला आलेला पेशंट म्हणतो, "डॉक्टर, गोळी चार दिवसांपासून बंदच केलीय." हे ऐकून खूश होऊ नकोस. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, स्टेंटमध्ये किंवा मेंदूत अडकलेली गुठळी नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल साधी दाढ काढण्यासाठी आपण होऊन थांबवायच्या नाहीत. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) २४ तासांतला बघ. ४ च्या खाली असेल तर बहुतेक साधं काम होतं. अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर उपयोगाचा नाही. तिथे शेवटचा डोस कधी घेतला ते विचार आणि हृदयरोगतज्ज्ञांना फोन कर.

अपॉइंटमेंट सकाळची दे, शुक्रवारी संध्याकाळची नको. एका वेळी एक-दोनच दात. सॉकेटमध्ये, म्हणजे दात काढलेल्या खड्ड्यात, जिलेटिन स्पंज, वर टाका, मग रक्त थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉज घट्ट चावायला लाव. रक्त थांबलेलं स्वतः पाहिल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठवू नकोस.

खरी गडबड प्रिस्क्रिप्शनमध्ये होते. सवयीने मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहितोस ना? वॉरफरिनवर आयएनआर चढतो. तोंडात लावायच्या मायकोनाझोल या बुरशीवरच्या जेलनेसुद्धा! दुखण्याला पॅरासिटामॉल; आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.