शाळेची तयारी मुलांच्या हातांनी

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. कार्यानुभव हा त्यांचा विषय.

ताई, माझी मुलगी चौथीत आहे आणि मुलगा पहिलीत. वह्या-पुस्तकांना यंदा आम्हीच कव्हरं घालणार, असा दोघांचा हट्ट आहे. तयार प्लॅस्टिकची कव्हरं झटपट होतात. शिवाय आमच्याकडचा पाऊस! खाकी कागद टिकेल का?
– एक आई, चिपळूण

टिकेल. आणि हट्ट चांगला आहे, तो पुरवा. प्लॅस्टिकच्या कव्हरात एकदा पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नसते, मग पुठ्ठा आतून फुगतो आणि त्याला बुरशी धरते. खाकी कागद भिजतो तसा वाळतोही. पावसासाठी दप्तरात एक मोठी, जाड पिशवी ठेवा आणि सगळी पुस्तकं तिच्यात घाला. पाण्याचा बंदोबस्त दप्तरात करायचा, एकेका पुस्तकावर नाही.

कव्हराचं माप नेहमी पुस्तक मिटलेलं ठेवून घ्या. उघड्या पुस्तकावर कागद ताणून दुमडला, तर पुस्तक मिटताना पाठीवर ताण येतो आणि आठवड्यात कव्हर तिथेच फाटतं. चारही बाजूंना मुलीची चार बोटं मावतील एवढा कागद जास्त ठेवा. पाठीच्या वर आणि खाली, पाठीच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन-दोन काप द्यायचे आणि मधली जीभ आत दुमडायची. कोपरे आधी तिरके दुमडून मग कडा आत घ्यायच्या, म्हणजे कोपऱ्यावर कागद दुहेरी होतो. आधी फाटतो तो कोपराच. घडी नखाने घालू नका, चमच्याच्या पाठीने दाबा. कागद एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. दोन्हीकडे हलकेच वाकवून मुलीलाच ओळखायला सांगा. सहज वळणारी दिशा पाठीच्या घडीला आली, की कव्हर अंगाबरोबर बसतं.

चौथीतली मुलगी हे सगळं करू शकते. धाकट्याकडे घड्या दाबायचं आणि लेबलांचं काम द्या. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ लेबलांना फार छान. चिकटवायला घरीच खळ करा. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग आणखी वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. पूर्वी खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. चिमूटभर तुरटी चालेल, आणि उरलेली खळ दोन-तीन दिवसांत टाकून द्या. लेबल लावल्यावर पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रभर जड पाटाखाली ठेवा. पावसाळी हवेत खळ उशिरा वाळते आणि वजन नसेल तर लेबलाचे कान वर येतात. स्टेपलर मात्र वापरू नका. कोकणात त्या पिना पहिल्याच महिन्यात गंजतात आणि पानांवर तांबडे डाग पडतात.

आता एक कळकळीची विनंती. लेबलावरचं नाव ज्याचं त्याने लिहावं. पहिलीतल्या मुलाचं अक्षर ओळ सोडून वर चढेल, चढू दे. आणि मुलं झोपल्यावर वाकडी कव्हरं काढून पुन्हा नीट घालत बसू नका. सकाळी मुलांना ते कळतं, आणि पुढच्या जूनमध्ये हट्ट करायला कुणी येत नाही.

गेल्या वर्षीच्या वह्या निम्म्या कोऱ्या आहेत, रद्दीत टाकवत नाहीत. मुलगा अकरा वर्षांचा आहे. पानं काढून पिन मारली तर ती सुटतात. दुसरा काही उपाय?
– एक बाबा, पुणे

मुलाला वही शिवायला शिकवा. अकरा वर्षांच्या हाताला सुई आणि दाभण दोन्ही पेलतात, तुम्ही फक्त शेजारी बसा.

मधोमध पिना असलेली वही उघडलीत तर अडचण लगेच कळेल. वही पुढून निम्मी भरली असेल, तर प्रत्येक जोडपानाचं एक अंग लिहिलेलं आणि दुसरं कोरं असतं. लिहिलेलं अंग पूर्ण कापलं की शिवायला काही उरत नाही, म्हणून पाने सुटतात. घडीपासून दोन बोटं सोडून कापा. ती दोन बोटांची पट्टी टाक्याला धरून ठेवते. अशी बारा पानं घ्या आणि पट्ट्या आलटून पालटून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे येतील अशी एकात एक बसवा. सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला आल्या तर वही तिकडे फुगते.

बाहेरून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं वेष्टण घाला. खाली वर्तमानपत्रांची जाड चळत ठेवा आणि घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मध्यावर आणि दोन वर-खाली. गोधडीचा जाड दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या आत थेट खालच्या भोकापर्यंत आणि तिथून बाहेर, मग पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आतच आली. मधे जो लांब टाका दिसतो, त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक टोक घेऊन गाठ मारा. गाठ त्या टाक्यावरच बसली पाहिजे, नाहीतर सैल होते.

कच्च्या कामाला ही वही उत्तम, आणि हलकीही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात आहे. म्हणजे तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो, तेही डबा आणि पाण्याची बाटली धरून. दोनशे पानी वह्यांऐवजी अशा बारीक वह्या चालतील का, हे वर्गशिक्षकांना आधी विचारा. बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

नात यंदा पहिलीत जाईल. "शाळा सुटणार कधी?" हे ती आत्तापासून रोज विचारते. घड्याळ अजून कळत नाही. तिच्यासोबत काय करावं?
– एक आजोबा, नागपूर

काका, उन्हामुळे तुमच्याकडे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते, तेव्हा हाताशी वेळ आहे. तिच्यासाठी दिवसाची पट्टी करा. मागून कोऱ्या असलेल्या कॅलेंडरची वीतभर रुंद, लांब पट्टी कापा आणि पंख्यासारख्या सहा घड्या घाला. प्रत्येक घडीवर एक चित्र काढायचं: परिपाठ, वर्ग, मधली सुट्टी, पुन्हा वर्ग, खेळ, आणि शेवटी फाटकाशी उभे असलेले तुम्ही. चित्रं तिने काढायची. शाळेतला खरा क्रम आधी विचारून घ्या. पट्टीवर एक असेल आणि वर्गात दुसरंच घडलं, तर तिचा विश्वास उडेल. रोज रात्री एकेक घडी उलगडून तिलाच सांगू द्या. शाळा सुरू झाल्यावर पट्टी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. आणि शेवटच्या चित्रात तुम्ही आहात, तर पहिले काही दिवस फाटकाशी तुम्हीच उभे राहा.

आम्ही न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा चालवतो. सप्टेंबरच्या पहिल्या वर्गात अर्ध्या तासात होईल आणि वर्षभर वापरता येईल असं काही सुचवा. मुलं सात-आठ वर्षांची आहेत.
– एक स्वयंसेवक शिक्षिका

पारदर्शक बाराखडी करा. प्रत्येक मुलाला पोस्टकार्डाएवढे पाच पुठ्ठे आणि तेवढेच पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे द्या. मिठाईच्या किंवा शर्टाच्या खोक्याची झाकणं चालतात, मात्र ती आधी मोठ्यांनी कापून ठेवावीत. पुठ्ठ्यावर एकेक अक्षर आणि प्लॅस्टिकवर कायम शाईच्या पेनाने एकेक मात्रा. मग मात्रा अक्षरावर ठेवत जायची. अक्षराशेजारी मात्रा फिरवत आणणाऱ्या चकतीपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, दुसरी नंतर, उकार खाली आणि मात्रा डोक्यावर. चकतीत सगळं एकाच बाजूला येतं.

सगळ्या पुठ्ठ्यांवर एकाच जागी पेन्सिलीने उभी रेघ मारून घ्या. अक्षराचा दंड त्या रेघेवर आला पाहिजे, क चा मधला दंड असो की ग चा शेवटचा. शिरोरेषाही एकाच उंचीवर हवी. मग एकच मात्रा सगळ्या अक्षरांवर बरोबर बसते. काना रेघेपासून थोडा दूर काढा, म्हणजे क च्या उजव्या गोलाला धक्का लागणार नाही. सुरुवातीला क, ग, म, ल, स घ्या. र पहिल्या दिवशी नको. त्याचा उकार खाली येत नाही, पोटाशी जोडला जातो, त्यामुळे प्लॅस्टिक ठेवून रु होत नाही. तो फळ्यावर वेगळा शिकवा.